शरणपूरचा अर्धा इतिहास बागामोयोच्या किनाऱ्यावर आहे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

येत्या सिंहस्थाच्या निमित्ताने गोदाघाट, सुंदरनारायण मंदिर, सरकारवाडा आणि जुन्या नाशकातले वाडे यांच्या जतनाविषयी शहरात बोलले जात आहे, ही समाधानाची बाब आहे. या चर्चेत शरणपूरचे नाव मात्र क्वचितच निघते. निघाले तरी गुलामगिरीतून सुटलेली आफ्रिकन मुले तिथल्या ख्रिस्ती वसाहतीत वाढली आणि त्यांतल्या काहींनी स्कॉटिश धर्मप्रचारक आणि प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांचा मृतदेह आफ्रिकेच्या अंतर्भागातून समुद्रापर्यंत वाहून आणला, एवढे सांगून विषय मिटवला जातो. हे सांगणे खोटे नाही, पण ते अर्धेच आहे. मृतदेह ज्या किनाऱ्याला पोहोचला, तिथे त्या रात्री त्याला कोणी जागा दिली, ती जागा देणारी वस्ती कोणाची होती आणि तिचा आपल्या शरणपूरशी पुढे काय संबंध आला, हे सहसा कोणी सांगत नाही. ही हकिकत टांझानियातील बागामोयो येथील कॅथलिक धर्मग्रामाच्या, म्हणजे चर्चभोवती वसलेल्या ख्रिस्ती वस्तीच्या, आरंभीच्या इतिहासात आहे. नाशिककरांनी तो इतिहास आपला म्हणून वाचावा असे मला मनापासून वाटते, म्हणून हे पत्र.

बागामोयो हे झांझिबार बेटाच्या समोर, आफ्रिकेच्या मुख्य भूमीवर वसलेले बंदर आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास किनारपट्टीवर झांझिबारच्या सुलतानाचा अंमल चाले; पण किनारा सोडून थोडे आत गेले की ती सत्ता नावापुरतीच उरे आणि पुढे ठिकठिकाणचे सरदार आणि सशस्त्र व्यापारी तांडे यांचे राज्य सुरू होई. टांगानिका सरोवराकडून निघालेले हे तांडे हस्तिदंत घेऊन बागामोयोला उतरत. त्यांच्याबरोबर पकडून आणलेली माणसेही असत, आणि ती पुढे गलबतांतून झांझिबारच्या बाजारात विकायला नेली जात. या व्यापारात आपल्याकडचा पैसाही गुंतलेला होता, हे लपवण्यात अर्थ नाही. झांझिबारच्या जकातीचा मक्ता अनेक वर्षे जयराम शिवजी या कच्छी भाटिया पेढीकडे होता आणि किनाऱ्यावरच्या बाजारपेठांत कच्छी व्यापाऱ्यांचे वजन मोठे होते. आफ्रिकेतील गुलामगिरी ही अरबांची आणि युरोपियनांची गोष्ट, आपला तिच्याशी संबंध नाही, अशी जी समजूत आपल्याकडे रूढ आहे, ती या एका तपशिलापुढे टिकत नाही.

१८६० च्या डिसेंबरात रियुनियन बेटावरून फादर फावा हे काही धर्मगुरू आणि धर्मभगिनी यांना घेऊन झांझिबारला आले. त्यांनी तिथे दवाखाना उघडला आणि मुलांना कामधंदा शिकवण्यास सुरुवात केली. दोन-तीन वर्षांत हे काम पवित्र आत्म्याच्या संघाच्या फ्रेंच धर्मगुरूंकडे सोपवण्यात आले. त्यांचे प्रमुख फादर अँतवान होर्नर यांच्या लवकरच लक्षात आले, की बेटावर जागा अपुरी आहे, आणि मुलांना सोडवून आणायचे तर त्यांना कसायला जमीन आणि घर बांधायला गाव लागणार आहे. १८६८ च्या मार्चमध्ये बागामोयोच्या उत्तरेला किनाऱ्यालगत मिशनला जमीन मिळाली. सुलतान माजिद यांची संमती आणि स्थानिक वडीलधाऱ्यांचा होकार या दोन्हींमुळे ते शक्य झाले. मुसलमान राजाने आणि मुसलमान गावाने ख्रिस्ती धर्मगुरूंना दिलेल्या या जमिनीवर, पोर्तुगीज काळ संपल्यानंतर पूर्व आफ्रिकेच्या मुख्य भूमीवरचे पहिले कॅथलिक मिशन उभे राहिले.

सुरुवातीला तिथे झुडपे तोडून मोकळी केलेली जमीन आणि साध्या झोपड्या एवढेच होते. पाठोपाठ या किनाऱ्यावर पटकीची मोठी साथ आली. १८७२ च्या एप्रिलमध्ये झालेल्या चक्रीवादळाने झांझिबारमधल्या लवंगांच्या बागा झोपवल्या आणि बागामोयोच्या मिशनमधील बहुतेक बांधकाम उद्ध्वस्त केले. मलेरियाने तरुण धर्मगुरू आणि धर्मभगिनी मरत राहिल्या; मिशनच्या दफनभूमीतील कबरी आजही त्याची साक्ष देतात. होर्नर स्वतः खालावलेल्या प्रकृतीने मायदेशी परतले आणि १८८० मध्ये फ्रान्समध्ये वारले. चक्रीवादळानंतर मात्र तीच वस्ती दगडचुन्यात पुन्हा बांधण्यात आली. ज्यांनी ती बांधली ते गवंडी, सुतार आणि लोहार बहुतांशी बाजारात विकली गेलेली आणि तिथून सोडवलेली मुलेच होती, ही गोष्ट मला त्या सर्व इमारतींपेक्षा मोठी वाटते.

या मुलांचे तिथले जीवन कसे होते? दिवस घंटेवर चाले. पहाटे घंटा झाली की प्रार्थना, मग काही वेळ शाळा, आणि उरलेला बराचसा दिवस शेतात किंवा कार्यशाळेत. नारळाची रोपे लावायची, त्यांना पाणी घालायचे, तण काढायचे; पुढे याच माडांवर मिशनचा खर्च मोठ्या प्रमाणात चालला. मुलेमुली वयात आली की त्यांची लग्ने लावली जात. जोडप्याला ख्रिस्ती गावात एक घर आणि स्वतःच्या पिकासाठी जमिनीचा तुकडा मिळे. पण आठवड्यातले बहुतेक दिवस मिशनच्या मळ्यात राबावे लागे आणि स्वतःच्या जमिनीसाठी थोडाच वेळ उरे. शिस्त कडक होती. सगळ्यांनाच ती मानवली असे नाही. काही जण गाव सोडून बागामोयो शहरात निघून गेले.

आरंभीच्या काळात यांतली बरीच मुले मिशनने युरोपातून आलेल्या देणग्यांच्या पैशाने थेट झांझिबारच्या बाजारातून विकत घेतलेली होती. विकत घेऊन मुक्त करणे म्हणजे त्याच बाजाराला गिऱ्हाईक मिळवून देणे नव्हे काय, हा आक्षेप त्या काळीही घेतला गेला. तो मला बिनतोड वाटतो. तरीही बाजारात उभ्या असलेल्या सात-आठ वर्षांच्या मुलीसमोर उभे राहून हा आक्षेप मांडण्याचे धैर्य माझ्यात झाले नसते, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे. मिशनचा गौरव करणारे लिखाण हा व्यवहार झाकते, आणि मिशनवर टीका करणारे लिखाण त्या मुलीला विसरते. धर्मग्रामाचा इतिहास लिहायचा तर दोन्ही सांगावे लागेल.

आता आपल्या शरणपूरकडे वळू. चर्च मिशनरी सोसायटी या प्रॉटेस्टंट संस्थेने नाशकात १८३२ मध्ये काम सुरू केले आणि १८५० च्या दशकाच्या मध्यास गावाच्या पश्चिमेला शरणपूरची वसाहत वसवली. तिचे सूत्रधार रेव्हरंड विल्यम सॉल्टर प्राइस होते. ब्रिटिश आरमार अरबी समुद्रात गुलामांची गलबते पकडी. त्यांतून सुटलेली मुले मुंबईला उतरवली जात आणि त्यांतली काही शरणपूरला पाठवली जात. तिथे त्यांना लिहायला-वाचायला शिकवत. सुतारकाम आणि लोहारकामही शिकवत. बागामोयो कॅथलिक आणि शरणपूर प्रॉटेस्टंट. एक सुलतानाच्या अमलाच्या काठावर, तर दुसरे इंग्रजी अमलाखालच्या तीर्थक्षेत्राच्या वेशीवर. पण घंटा, शाळा, कार्यशाळा, शेत आणि ओळीने बांधलेली घरे ही घडण दोन्हीकडे सारखीच होती, आणि दोन्हीकडची मुले तर एकाच किनाऱ्यावरून हाकून नेलेली होती. त्यांच्यापैकी कोण नाशकात वाढला आणि कोण बागामोयोत, हे पकडणारे जहाज कोणते आणि वारा कुठला यावर ठरले.

१८६६ च्या आरंभी लिव्हिंग्स्टन मुंबईहून आपल्या शेवटच्या मोहिमेवर निघाले, तेव्हा शरणपूरच्या शाळेतले तरुण त्यांच्याबरोबर होते. यांतला एडवर्ड गार्डनर शेवटपर्यंत टिकला. १८७२ मध्ये दुसरी तुकडी येऊन मिळाली. तिच्यात जेकब वेनराइट, मॅथ्यू वेलिंग्टन आणि कॅरस फरार ही शरणपूरची मुले होती. इथे एक खुलासा आवश्यक आहे. या हकिकतीत सर्वांत गाजलेली सुसी आणि चुमा या लिव्हिंग्स्टन यांच्या दोन सोबत्यांची नावे पुष्कळदा नाशिकची म्हणून सांगितली जातात. सुसी झांबेझी नदीच्या प्रदेशातला होता, आणि चुमा मुंबईत डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेत शिकला. शरणपूरकडे सांगण्यासारखे स्वतःचे पुष्कळ आहे. दुसऱ्यांची माणसे उसनी घेण्याची गरज नाही.

१८७३ च्या मे महिन्यात, आजच्या झांबियातल्या चितांबो या सरदाराच्या गावी लिव्हिंग्स्टन वारले. त्यांच्या सोबत्यांनी हृदय आणि आतडी काढून झाडाखाली पुरली, देह मीठ लावून उन्हात सुमारे पंधरा दिवस वाळवला, कापडात गुंडाळला, झाडाच्या सालीच्या नळकांड्यात ठेवला आणि वरून शिडाचे कापड शिवून डांबर फासले. हृदय पुरताना दफनविधीची प्रार्थना वाचली ती जेकब वेनराइटने, आणि झाडाच्या बुंध्यावर मृत्यूचा लेख कोरला तोही त्यानेच. ती प्रार्थना तो जिथे शिकला ती जागा म्हणजे शरणपूर. त्यानंतर सुमारे नऊ महिने ही माणसे ते ओझे खांद्यावर घेऊन दीड हजार किलोमीटरहून अधिक अंतर चालली. वाटेत उन्यान्येंबे येथे भेटलेल्या लेफ्टनंट कॅमेरून या इंग्रज अधिकाऱ्याने देह इथेच पुरा असे सुचवले. त्यांनी ते मानले नाही. पुढे एका ठिकाणी प्रेत गावातून नेण्यास विरोध होईल असे दिसताच त्यांनी प्रेतासारखे दुसरे बोचके बांधून, आम्ही देह पुरायला परत पाठवत आहोत असे भासवले, आणि खरा देह कापडाच्या गाठोड्यासारखा बांधून पुढे नेला.

१८७४ च्या फेब्रुवारीत हा तांडा बागामोयोला पोहोचला आणि देह कॅथलिक मिशनमध्ये नेण्यात आला. एका स्कॉटिश प्रॉटेस्टंट धर्मप्रचारकाचा देह, नाशकात वाढलेल्या आफ्रिकन प्रॉटेस्टंटांच्या खांद्यावरून, फ्रेंच कॅथलिक धर्मगुरूंच्या वस्तीत रात्रभर विसावला. त्या काळी या दोन पंथांमध्ये किती कडवट वैर होते हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या एका रात्रीचे मोल समजेल. तिथून पुढे ब्रिटिश अधिकाऱ्यांनी देह जहाजाने झांझिबारला नेला. ज्यांनी तो आणला त्यांचा हिशेब चुकता करून त्यांना घरी जाण्यास सांगण्यात आले. देहाबरोबर इंग्लंडपर्यंत गेला तो एकटा वेनराइट, आणि १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीतील अंत्यविधीच्या वेळी शवपेटीबरोबर चालणाऱ्या मानकऱ्यांमध्ये तो होता. त्याने इंग्रजीत लिहिलेली रोजनिशी स्कॉटलंडमधील संग्रहालयात जपून ठेवलेली आहे आणि २०१९ पासून ती आंतरजालावर सर्वांना खुली आहे. शरणपूरच्या शाळेतून निघालेल्या विद्यार्थ्याचा हा मजकूर मराठीत यावा, ही अपेक्षा मी इथेच नोंदवून ठेवतो.

दोन वस्त्यांचा संबंध एवढ्यावर संपत नाही. १८६२ ते १८६७ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेले सर बार्टल फ्रियर १८७३ मध्ये गुलामांच्या व्यापारावर बंदी आणणारा तह घडवण्यासाठी झांझिबारला गेले होते. त्याच वर्षी जूनमध्ये सुलतान बरघश यांनी तह मान्य केला आणि झांझिबारचा गुलामांचा बाजार बंद झाला. या दौऱ्यात फ्रियर यांनी बागामोयोचे मिशन पाहिले आणि ते पाहून ते इतके प्रभावित झाले, की स्वतः अँग्लिकन असूनही त्यांनी या कॅथलिक वस्तीची कार्यपद्धती अनुकरणीय ठरवली. सुटलेल्या माणसांसाठी अशीच वस्ती प्रॉटेस्टंटांनीही किनाऱ्यावर उभारावी असा आग्रह त्यांनी धरला. ते काम ज्यांच्याकडे सोपवले गेले ते होते आपले शरणपूरचे प्राइस. १८७५ मध्ये त्यांनी मोंबासाजवळ फ्रियरटाउन वसवले, आणि त्या गावाच्या उभारणीत नाशकाहून परतलेले आफ्रिकन लोक शिक्षक, कारागीर आणि दुभाषे म्हणून आघाडीवर होते. तिकडे त्यांना बॉम्बे आफ्रिकन म्हणत. म्हणजे बागामोयोचा नमुना आणि शरणपूरची माणसे मिळून केनियातले हे गाव उभे राहिले. त्यांच्यापैकी विल्यम जोन्स हे मोंबासाजवळच्या रबाई येथे राहिले, धर्मसेवक झाले आणि १८८५ मध्ये बिशप हॅनिंग्टन यांच्याबरोबर युगांडाच्या वाटेवर गेले. मॅथ्यू वेलिंग्टन तर १९३५ पर्यंत मोंबासात हयात होते. फ्रियरटाउनची घंटा आजही मोंबासात उभी आहे.

बागामोयोचा पुढचा इतिहास थोडक्यात सांगतो. १८७७ मध्ये आतल्या भागात म्होंडा येथे नवे मिशन निघाले, आणि तिथे धर्मगुरूंबरोबर बागामोयोच्या ख्रिस्ती गावातली तरुण जोडपी गेली. पुढच्या अनेक धर्मग्रामांची सुरुवात अशीच झाली. रियुनियनहून आणलेल्या कॉफीचे रोपही याच वाटेने किलिमांजारोच्या पायथ्याशी पोहोचले. कॉफीच्या व्यापारात एका जातीला 'फ्रेंच मिशन' हे नाव त्यावरूनच पडले. १८८८ मध्ये किनाऱ्याचा ताबा घेणाऱ्या जर्मनांविरुद्ध अबुशिरी यांनी उठाव केला, तेव्हा हजारो माणसांनी मिशनच्या आवारात आसरा घेतला आणि अबुशिरी यांनी मिशनला हात लावला नाही. मिशनमधले फादर बाउर यांनी त्या काळात अडकलेल्या प्रॉटेस्टंट धर्मप्रचारकांच्या सुटकेसाठी मध्यस्थीही केली. पुढे जर्मनांची राजधानी दार-एस-सलामला हलली आणि बंदराचे महत्त्व ओसरले.

आज बागामोयोत जुन्या चर्चचा मनोरा उभा आहे. धर्मभगिनींच्या जुन्या घरात संग्रहालय आहे, दफनभूमी राखलेली आहे, आणि गुलामांच्या व हस्तिदंताच्या व्यापाराचा तो सारा मार्ग २००६ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आहे. टांझानियासारख्या आपल्याहून गरीब देशाने हे केले आहे. आपल्याकडे महापालिकेचे मुख्यालयच शरणपूर रोडवर आहे. त्या इमारतीत रोज ये-जा करणाऱ्या नागरिकांना आणि अधिकाऱ्यांना जेकब वेनराइट कोण होता हे ठाऊक असावे, अशी अपेक्षा फार मोठी नाही.

काही लोक म्हणतील, की ही मिशनऱ्यांची गोष्ट आहे, तिचे कौतुक आपण कशाला करायचे. माझे म्हणणे असे, की ही मिशनऱ्यांपेक्षा त्या मुलांची गोष्ट आहे. आईबापांपासून तोडलेली, नाव बदललेली, भाषा बदललेली मुले गोदावरीच्या काठी वाढली, इथल्या शाळेत शिकली, मराठी मुलखाचे पाणी प्याली आणि परत जाऊन त्यांनी आपल्या माणसांसाठी गावे वसवली. त्यांचा मान राखण्यासाठी कोणाच्याही धर्मप्रचाराशी सहमत असण्याची गरज नाही.

म्हणून माझ्या तीन सूचना आहेत. सिंहस्थाच्या निमित्ताने शहरात वारसास्थळांचे जे माहितीफलक लागतील, त्यांत शरणपूरचा समावेश व्हावा आणि त्या फलकावर धर्मप्रचारकांबरोबर गार्डनर, वेनराइट, वेलिंग्टन, फरार आणि जोन्स यांची नावे ठळकपणे असावीत. जुन्या वसाहतीशी संबंधित बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांच्या ज्या नोंदवह्या चर्चकडे असतील, त्यांची छायाचित्रे तातडीने घेतली जावीत. आपल्या पावसाळ्यात कागदाचे आयुष्य किती असते हे वेगळे सांगायला नको. आणि चर्च मिशनरी सोसायटीची पत्रे व अहवाल बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या संग्रहात आहेत, तर बागामोयोच्या धर्मगुरूंची कागदपत्रे फ्रान्समध्ये त्यांच्या संघाकडे आहेत. ही दोन्ही दप्तरे शेजारी ठेवून वाचणारा एखादा संशोधक आपल्या विद्यापीठांनी तयार करावा.

तिसऱ्या कामाला वर्षे लागतील हे मला मान्य आहे. पहिल्या दोन कामांना मात्र सिंहस्थाच्या तयारीच्या खर्चातला फार थोडा भाग पुरेल. नाशकातील प्रॉटेस्टंट आणि कॅथलिक दोन्ही चर्चनी आणि महापालिकेने याविषयी एकत्र बसून बोलावे आणि आपल्या दैनिकाने त्यात पुढाकार घ्यावा, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक वाचक, नाशिक